वाईट दिवसाला सूट दिली तर सवय लागते का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही विश्रामबागला राहता, पतसंस्थेत नोकरी, मिस्टर कुपवाड एमआयडीसीत, घरात सासूबाई, मुलगी चौथीत. महिन्यातनं दोन-तीन दिवस असे उगवतात की सकाळी डोळे उघडल्यापासूनच जड वाटतं, कशात मन लागत नाही, रडू येतं आणि का म्हणून विचारलं तर सांगता येत नाही. मिस्टर म्हणतात "काय कमी आहे तुला?" आणि खरंच काही कमी नाही, म्हणून मग तुम्ही दिवसभर स्वतःलाच बोल लावत बसता. अशा दिवशी स्वतःला सूट द्यावी का, दिली तर सवय लागणार नाही का, आणि मुलीसमोर रडलेलं चालतं का, असं तुम्ही विचारलंय.

मी इथंच सांगली-मिरजेत समुपदेशनाचं काम करते, बरीच वर्षं झाली, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या कपड्यात आठवड्याला एकदा तरी समोर येऊन बसतो. कधी बारावीचं पोरगं असतं, कधी मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी, कधी रिटायर झालेले मास्तर. त्यामुळं उत्तर आधीच देऊन टाकते, कारणं मागनं सांगते. सूट द्या. सवय लागत नाही. फक्त सूट कशाला द्यायची ते नीट ठरवा, तिथंच बहुतेकांचा घोळ होतो. वाईट वाटण्याला पूर्ण सूट, वाटेल तसं वागण्याला नाही. मन आज उदास आहे, असू दे की. पण म्हणून पोरीवर खेकसायचं, गोळ्या चुकवायच्या, दिवसभर उपाशी राहायचं, ही सूट मी कुणालाच देत नाही.

आता कारणं. माझ्याकडं एक बाई यायच्या, ओळख लागू नये म्हणून तपशील बदलून सांगते, त्यांचीही तक्रार तुमच्यासारखीच, "मॅडम माझे दिवस वाईट जातात". मी त्यांना एक वही करायला सांगितली, पानाच्या मधोमध रेघ, डावीकडं दिवसभरात काय घडलं ते, उजवीकडं त्यावर आपण मनात स्वतःला काय म्हणालो ते, जसंच्या तसं, शिवी असेल तर शिवी. पुढच्या वेळी वही घेऊन आल्या. एका बुधवारचं पान होतं. डावीकडं चारच ओळी. दूध उतू गेलं. रिक्षावाले काका उशिरा आले. साहेब चढ्या आवाजात बोलले. दुपारी डोकं दुखलं. बास, संपला दिवस. आणि उजवीकडं पान भरून मागच्या बाजूला गेलेलं, साधं दूध बघता येत नाही मला, जाऊबाई नोकरी करून दोन पोरं सांभाळतात आणि माझं एकातच असं, आज परत रडले, कसलं दुःख आहे मला, नाटक नुसतं, आईनं ऐकलं तर काय म्हणेल, असंच चाललं तर चाळिशीनंतर माझं काय होणार. बाईंनी ते पान माझ्यासमोर पुन्हा वाचलं आणि त्यांना हसूच आलं, म्हणाल्या मॅडम दुधाची तर एकच ओळ आहे की हो.

तर हे असं असतं. दिवस चार ओळींचा वाईट असतो, बाकीचा खटला आपण चालवतो, आणि त्यात आरोपीही आपण, वकील नाहीच, निकाल ठरलेला. अल्बर्ट एलिस नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, १९५५ च्या सुमाराला त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली, आपल्या महाराष्ट्रात ती चांगलीच रुजलेली आहे. त्यांचं एक म्हणणं मला रोजच्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते हेच की माणूस आधी अस्वस्थ होतो आणि मग अस्वस्थ झालो म्हणून आणखी अस्वस्थ होतो, आणि पुष्कळदा आधी ही दुसरी अस्वस्थता उतरवावी लागते तेव्हा कुठं पहिलीला हात घालता येतो. तुमच्या प्रश्नात पहिली अस्वस्थता दोन वाक्यांची आहे ताई, आणि दुसरी पंधरा वाक्यांची. मी मोजली नाहीत, पण तुम्ही मोजून बघा.

"मग विचारच करायचा नाही, लक्षच द्यायचं नाही" असं लगेच घरचे सुचवतात. त्यावर मी समोरच्याला एक गंमत करायला लावते, म्हणते पुढचा एक मिनिट डोळे मिटा आणि काहीही आठवा, फक्त भडंग आठवायचं नाही. लसूण नाही, शेंगदाणे नाहीत, तो कढीपत्ता नाही, काही नाही. दहा सेकंदात माणूस हसायला लागतो कारण डोळ्यासमोर भडंगाची पाटीच येते. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये असाच प्रयोग केला होता, त्यांच्याकडं भडंग नव्हतं, पांढरं अस्वल होतं. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा असं सांगितलं, तर घंट्या वाजतच राहिल्या, आणि पुढची गंमत अशी की नंतर त्याच लोकांना आता खुशाल विचार करा म्हटल्यावर, ज्यांना पहिल्यापासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा यांच्या मनात ते अस्वल जास्त वेळा आलं. सकाळी दाबून ठेवलेलं वाईट वाटणं रात्री दहाला भांडी घासताना का उसळतं ते यावरून कळतं.

आणि उलट बाजूनंही पुरावा आहे. ब्रेट फोर्ड, आयरिस मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०१८ चं संशोधन आहे, त्यात प्रयोगशाळेतलं कामही होतं आणि रोजनिशी लिहून घेतलेलीही होती, मिळून हजाराच्या वर लोक. जी माणसं आपल्या वाईट भावनांना चूक-बरोबर न ठरवता येऊ देतात त्यांना ताणाच्या प्रसंगात वाईट वाटणं कमी होतं आणि पुढं त्यांची मनाची तब्येतही बरी राहते असं त्यात दिसलं. म्हणजे सूट दिल्यानं वाईट वाटणं वाढत नाही, आटोक्यात येतं. सवयीचा प्रश्न मला वाटतं इथं निम्मा सुटला, उरलेल्या निम्म्यावर पुढं येते.

"काय कमी आहे तुला" हे वाक्य मात्र सोडून चालणार नाही, ते आपल्याकडं फार खोल बसलंय. २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची, गावभाग, स्टँडचा परिसर सगळं पाण्यात. त्यानंतर ज्यांची घरं बुडाली ते लोक बोलते झाले, रडले, ओरडले. पण अशीही माणसं होती ज्यांच्या घरात पाणी आलंच नव्हतं, नातेवाईकांची तीन-तीन कुटुंबं घरात ठेवून घेतली, महिनाभर राबली आणि नंतर त्यांना झोप लागेना, छातीत धडधडायला लागलं, आणि तोंडानं काय तर "आमचं काय मॅडम, आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही, आम्ही कुठल्या तोंडानं सांगायचं". दुःखाला जणू पंचनामा लागतो, तलाठी येऊन नोंद केली तरच ते खरं. असं नसतं हो. शेजारणीचं घर बुडालं म्हणून तुमच्या डोळ्यातलं पाणी खोटं ठरत नाही, आणि तुमच्या घरात सगळं आहे म्हणून मन जड व्हायचं थांबत नाही. अजूनही पावसाळ्यात कोयनेतनं विसर्ग वाढवला अशी बातमी आली की गावभागातल्या काही जणांचा तो दिवस पार बिघडतो, पाणी येवो न येवो. २०२१ ला परत पूर आला त्यानंतर तर जास्तच. त्यांना मी एवढंच सांगते, जुलै-ऑगस्टमधले काही दिवस वाईट जाणार हे धरूनच चाला, त्या आठवड्यात मुलीला बघायला पाहुणे बोलावू नका.

आता सवय. लोकांना भीती कशाची वाटते, तर एकदा पांघरूण डोक्यावर घेतलं की परत निघणारच नाही. ही भीती अगदीच खोटी नाही, म्हणून मी वर म्हटलं की कशाला सूट ते ठरवा. वाईट वाटू देणं वेगळं आणि वाईट वाटण्याचा रवंथ करत बसणं वेगळं. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी या रवंथावर आयुष्यभर काम केलं, १९९१ पासून त्यांची मांडणी आहे, आणि त्यात वारंवार हेच दिसलं की माझंच असं का, मीच अशी का, हे तेच तेच घोळवत राहिलं की उदासी लांबते. खोलीचं दार लावून हातात मोबाइल घेऊन दुसऱ्यांचे महाबळेश्वरचे फोटो बघत चार तास पडणं याला मी सूट म्हणत नाही, तिथं तुम्ही विश्रांती घेत नाही, वहीची उजवी बाजू भरत असता. ओळखायचं कसं? रडून, झोपून, चहा घेऊन उठल्यावर थोडं हलकं वाटलं तर ती सूट होती. उठल्यावर आणखी चिकट, आणखी ओशाळं वाटलं तर रवंथ होता, मग उठा, चप्पल घाला आणि दहा मिनिटं बाहेर चालून या, आमराईत जा नाहीतर नुसतं कोपऱ्यावरनं कोथिंबीर घेऊन या. मूड आल्यावर हलू म्हणून थांबू नका. उदासीच्या उपचारात हे आता पक्कं झालंय की आधी अंग हलतं आणि मन नंतर येतं, पुष्कळदा बरंच नंतर.

प्रत्यक्षात तो दिवस घालवायचा कसा, हा खरा अवघड भाग, कारण एकट्यानं राहणाऱ्या माणसाला सांगणं सोपं आहे की आज आराम करा. तुमच्या घरात सहा वाजता पाणी येतं, सात वाजता डबा, सासूबाईंना नाष्ट्याआधी गोळी. तिथं आराम करा म्हणणाऱ्याला तुम्ही हाकलूनच द्याल. म्हणून मी कधी संपूर्ण दिवसाची सुट्टी सांगत नाही, मी किमान काम ठरवायला सांगते, आणि ते चांगल्या दिवशी बसून ठरवायचं, वाईट दिवशी नाही, कारण वाईट दिवशी डोकं सगळंच महत्त्वाचं आहे असं सांगतं. तुमच्यासाठी मी म्हणेन पोरीचा डबा, सासूबाईंची गोळी, ऑफिसला हजेरी. डब्यात चपाती-भाजीच पाहिजे असं नाही, पोहे गेले तरी पोरगी उपाशी मरत नाही. बाकी कपाट आवरायचं, मावशीला फोन करायचा, भिशीचा हिशेब, ते सगळं त्या दिवसापुरतं बाजूला. पतसंस्थेत त्या दिवशी नोंदी, पासबुकं, शिक्के असली हाताची कामं पुढं घ्या, थकबाकीदाराशी बोलायचा फोन जमल्यास उद्यावर टाका.

घरात सांगायचं मात्र. तुम्ही न सांगता गप्प बसता, मग मिस्टरांना वाटतं माझ्यावर राग आहे, सासूबाईंना वाटतं मी काल बोलले ते लागलं, आणि दुपारपर्यंत तिघंही एकमेकांवर फुगलेले. सकाळीच एक वाक्य बोलून टाका, "आज मला बरं वाटत नाहीये, कुणाचं काही चुकलं नाही, संध्याकाळपर्यंत जरा कमी बोलेन." कुणाची चूक नाही हे आवर्जून म्हणा, घर निम्मं तिथंच शांत होतं. मिस्टर विचारतील काय झालं, तर काही झालं नाही एवढंच सांगा, कारण शोधून देऊ नका. त्यांना करण्यासारखं काहीतरी काम द्या, पुरुषांना बहुतेक वेळा बघवत नाही आणि काय करावं कळत नाही म्हणून ते सल्ला देतात, "येताना दूध आणा आणि आज हिचा अभ्यास तुम्ही घ्या" म्हटलं की त्यांनाही सुटल्यासारखं होतं. सासूबाई "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणतील. म्हणू देत. त्यांच्या वेळी होतंच, परसात चुलीच्या धुरात डोळे पुसले जायचे एवढंच, पण हा वाद त्या दिवशी घालू नका.

आणि त्या दिवशी मोठे निर्णय घ्यायचे नाहीत. राजीनामा लिहायचा नाही, नणंदेला व्हॉट्सॲपवर तो मोठा मेसेज पाठवायचा नाही, केस कापायचे नाहीत. मेसेज लिहायचा असेल तर वहीत लिहा.

एक गोष्ट मात्र माझ्याकडं येणारे जवळजवळ सगळे करतात आणि ती मला सूट न देण्यापेक्षाही वाईट वाटते. दुसऱ्या दिवशीची भरपाई. काल पडून राहिले ना, मग आज पहाटे चारला उठून डबे घासायचे, ऑफिसात दोघांचं काम ओढायचं, रात्री सगळ्यांना पुरणपोळी. म्हणजे सूट दिलीच नाही, उधारीवर घेतली आणि व्याजासकट फेडली, आणि तिसऱ्या दिवशी अंग परत मोडलेलं. वाईट दिवसाच्या दुसऱ्या दिवशी नेहमीएवढंच काम करा. थोडं कमी झालं तरी हरकत नाही. हे सांगायला सोपं आहे पण मी बघितलंय की लोकांना रडणं जमतं आणि हे जमत नाही.

सगळ्यांना अशी सूट परवडत नाही हेही मला माहीत आहे. पलूस-वाळव्याकडचे शेतकरी येतात, म्हैस तुमचा मूड बघत नाही, डेअरीची वेळही थांबत नाही. द्राक्षबागायतदाराला छाटणीनंतर ढग आले की मन कसंही असो रात्री फवारणीला जावंच लागतं. रोजावर जाणाऱ्या बाईचा दिवस गेला की पैसे गेले. त्यांना काम कमी करा म्हणणं म्हणजे चेष्टाच. पण खटला बंद करायला पैसे लागत नाहीत. "आज मन लागत नाहीये, तरी धार काढतोय" आणि "माझ्यासारखा नालायक मीच" यात काम तेवढंच आहे, संध्याकाळी अंगात उरणारं त्राण वेगळं आहे. तासगावकडच्या एका बागायतदारानं मला सांगितलं, मॅडम आता मी बागेत एकटाच असलो की मोठ्यांदा म्हणतो, आज लई वंगाळ वाटतंय. कुणी ऐकत नाही, पण म्हटलं की बरं वाटतं. भावनेला नेमकं नाव दिलं की मेंदूतला भीती-धोक्याचा भाग जरा शांत होतो असं मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात दिसलंय, या गड्यानं ते न वाचताच शोधून काढलं.

आता तुमच्या बाबतीत मला खटकलेली गोष्ट. महिन्यातनं दोन-तीन दिवस, म्हणालात. ते पाळीच्या आधीच येतात का? भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिने वाईट दिवसावर फुली आणि पाळीच्या तारखेला गोल करा. फुल्या दर वेळी गोलाच्या आधी आठ-दहा दिवसांत पडत असतील आणि पाळी आली की आभाळ मोकळं होत असेल तर कॅलेंडर घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जा. काही जणींना हा त्रास फार तीव्र होतो, त्याला उपचार आहेत, सहन करत बसायची गरज नाही. त्याशिवाय थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी१२ तपासून घ्या, शाकाहारी घरात बी१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे आणि त्यानं थकवा येतो, मनही मलूल होतं. शरीराची कमतरता मनाच्या नावावर खपवू नये.

आणि हे नीट वाचा. वर जे सगळं लिहिलं ते येणाऱ्या-जाणाऱ्या वाईट दिवसांसाठी आहे. दोन आठवडे होऊन गेले, जवळजवळ रोज, दिवसातला बराचसा वेळ मन उदास आहे, किंवा आवडत्या गोष्टीतही गोडी राहिली नाही, सोबत झोप-भूक बिघडली, लक्ष लागत नाही, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतंय, तर तो वाईट दिवस राहिला नाही, ते नैराश्य असू शकतं आणि तिथं सूट देऊन भागत नाही, मनोविकारतज्ज्ञच पाहिजेत. जगण्यात अर्थ नाही, मेलेलं बरं, असा विचार एकदा जरी आला तरी दोन आठवडे मोजायचे नाहीत, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. १४४१६ हा सरकारी टेलि-मानस हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. गावात कळेल म्हणून दवाखान्यात जायची लाज वाटते त्यांनी निदान तिथं फोन करावा.

राहिला मुलीचा प्रश्न. तिच्यासमोर रडलं तर चालतं. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला घरात काय चाललंय ते कळतंच, तुम्ही बाथरूममध्ये नळ सोडून रडलात तरी कळतं, फक्त मग ती स्वतःच कारण शोधते आणि त्या वयात कारण बहुतेकदा "माझंच काहीतरी चुकलं" हे निघतं. म्हणून तिला जवळ घेऊन साधं सांगायचं, आज आईला रडू येतंय, तुझ्यामुळं नाही, थोड्या वेळानं बरं वाटेल. तिला तुमची मैत्रीण करू नका, बाबा असं बोलले, आजी तसं बोलली, हे तिच्या कानावर घालू नका, आणि माझी समजूत काढ म्हणून तिच्याकडं बघू नका. पाणी आणून दिलं तर प्या. का रडतेस असं विचारलं आणि खरंच माहीत नसेल तर मलाही माहीत नाही म्हणा, पोरांना हे उत्तर पुरतं आणि ती खेळायला निघून जातात, मोठ्यांनाच पुरत नाही. कॅलेंडरचे तीन महिने झाले की फुल्या कुठं पडल्या ते कळवा, त्यावरून पुढचं बोलू, आणि रक्ताच्या तपासणीला उद्याच जा, तीन महिने थांबू नका.